म्यू-मेटलचा शील्ड कॅन: काही महिन्यांच्या वापरानंतर

मायक्रोफोनच्या इनपुट ट्रान्सफॉर्मरवर १ मिमी जाडीचा, ५० मिमी व्यासाचा म्यू-मेटलचा (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या निकेल-लोखंड मिश्रधातूचा) कॅन रोजच्या वापरात आहे. ५० हर्ट्झचा हम (मेन्समुळे येणारी गुणगुण) जवळपास गेला. महाग आहे, पण पैसे वसूल. तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळून हे काम होत नाही. ५० हर्ट्झला तांब्यातली स्किन डेप्थच (क्षेत्र धातूत जितकं आत शिरून बरंच क्षीण होतं ती खोली) ९ मिमीच्या आसपास असते.

घेताना एकच प्रश्न विचारा: अ‍ॅनीलिंग (तापवून सावकाश थंड करणं) डबा तयार झाल्यावर केलंय का? या मिश्रधातूत सुमारे ७७ टक्के निकेल, १५-१६ टक्के लोखंड, बाकी तांबं आणि क्रोमियम किंवा मॉलिब्डेनम असतं. वाकवणं, वेल्डिंग, भोकं, सगळं उरकल्यावर तो कोरड्या हायड्रोजनमध्ये ११०० अंशांच्या वर काही तास तापवून सावकाश थंड करावा लागतो. नंतर ड्रिल लावलं, हातोडी बसली किंवा डबा फरशीवर पडला की धातूत ताण राहतो, डोमेनच्या (धातूतल्या सूक्ष्म चुंबकीय भागांच्या) भिंती अडकतात आणि पर्मिअ‍ॅबिलिटी (चुंबकीय क्षेत्र स्वतःतून वाहून नेण्याची क्षमता) घसरते. दिसायला डबा तसाच असतो, हीच खरी पंचाईत. क्लॅम्पही करकचून आवळू नका.

म्हणून तपासणी हवीच. बॉबिनवर (तार गुंडाळायच्या रिळावर) बारीक तारेचे हजारेक वेढे घ्या, एसी मिलिव्होल्टमीटर जोडा. मेन्स ट्रान्सफॉर्मरपासून त्याच जागी, त्याच दिशेत, आधी उघड्यावर आणि मग कॅनमध्ये रीडिंग घ्या. कॅनच्या अक्षाला आडव्या क्षेत्रासाठी पर्मिअ‍ॅबिलिटी गुणिले जाडी भागिले व्यास हा क्षेत्र किती पट घटेल त्याचा ढोबळ हिशेब; पहिला आकडा ३०,००० धरला तर ६०० पट. प्रत्यक्षात सांधे आणि उघडी टोकं यांमुळे आकडा बराच खाली येतो. टोक उघडंच ठेवायचं असेल तर कॅन आतल्या वस्तूच्या पुढे निदान एक व्यासभर हवा.

म्यू-मेटल ०.८ टेस्लाच्या आसपासच सॅच्युरेट होतं, म्हणजे त्यापुढे आणखी क्षेत्र पेलत नाही. मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला खेटून ठेवायचं असेल तर बाहेरून मऊ लोखंडाचा डबा आणि मध्ये काही मिमी मोकळी जागा द्या. त्याआधी अंतर दुप्पट करून बघा, क्षेत्र साधारण आठव्या हिश्शावर येतं. ट्रान्सफॉर्मर ९० अंशांत फिरवूनही बघा. दोन्ही फुकट आहे. पॉवर ट्रान्सफॉर्मरचा कोर मात्र सीआरजीओचाच (कोल्ड-रोल्ड ग्रेन-ओरिएंटेड सिलिकॉन स्टीलचाच) बरा, तो १.६-१.७ टेस्लावर आरामात चालतो.

आतल्या ट्रान्सफॉर्मरचा कोरही निकेलचा असेल तर वाइंडिंग मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर तपासू नका. मीटर सोडतं त्या डीसीने कोर चुंबकित होतो आणि बेसमध्ये डिस्टॉर्शन वाढतं. झालंच तर कमी फ्रिक्वेन्सीचा एसी सिग्नल कोर सॅच्युरेट होईपर्यंत वाढवा आणि हळूहळू शून्यावर आणा. मध्येच तार काढू नका.