चौदा महिने, एक मदरबोर्ड आणि चाळीस रुपयांचा बझर

खोक्यात काय निघालं ते आधी सांगते. बोर्ड, डिस्क जोडायच्या साटाच्या दोन केबल, मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी, एम.२चा इवलासा स्क्रू आणि स्टिकरचा एक रंगीत ताव. कॅबिनेटवर चिकटवायला म्हणे. बझर नाही. तुरीच्या दाण्याहून थोडा मोठा, दोन वायरींचा, काळा प्लास्टिकचा बझर. पूर्वी कॉम्प्युटर चालू केला की 'टिक' करायचा आणि काही अडलं की बीप देऊन कुठे ते सांगायचा, तोच. तो नाही, स्टिकर आहेत.

बोर्ड एएमडीच्या ए५२० चिपसेटचा, मायक्रो-एटीएक्स म्हणजे लहान आकाराचा. वर रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क. नोव्हेंबर २०२४मध्ये बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारातून घेतला. मी घरूनच जीएसटीची रिटर्न भरते, त्यामुळे दिवसभर टॅली आणि पोर्टल, आणि संध्याकाळी मुलाचा 'अभ्यास'. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण अर्धंच मिटलंय, शिवाय हल्ली बझर न देणारी ती काही एकटी नाही.

आधीचा बोर्ड एच८१, २०१४चा, त्यावर इंटेलचा आय३-४१५० प्रोसेसर. दहा वर्षांत मी त्याचं झाकण चार वेळा उघडलं असेल, तेही झुरळांसाठी. तो बदलावा लागला तो विंडोज १०मुळे. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा सपोर्ट संपणार होता आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलची निदान आठवी पिढी लागते. माझी चौथी. चालतं यंत्र काढून टाकताना जिवावर आलं. बोर्ड खोक्यात घालून माळ्यावर ठेवला, प्रोसेसर-रॅमसकट. आमच्या घरात काही फेकत नाहीत.

नवीन बोर्ड निवडताना मी दीड महिना लावला, आणि ती निवड आजही चुकीची वाटत नाही. दुकानदार वरच्या चिपसेटचा, बी५५०चा बोर्ड गळ्यात मारत होता. "ताई, फ्यूचरचा विचार करा ना." फ्यूचर म्हणजे पीसीआयई ४.०, कार्ड आणि डिस्क जोडायची जास्त वेगवान वाट. पण ५६००जीच मुळात पीसीआयई ३.०वर थांबतो. रस्ता चौपदरी केला तरी माझी गाडी स्कूटीच. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगात पळवणं, मला करायचं नाही, मग साडेतीन हजार जास्त कशाला? दुकानात जुन्या स्टॉकचा बी४५०सुद्धा होता, स्वस्तात. तो मी नाकारला, कारण जुन्या बायोसवर (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवला की काळा पडदा, आणि बायोस अपडेट करायला आधीच्या पिढीचा प्रोसेसर कुणाकडे मागत फिरायचं? कुणी घेतच असाल तर पैसे देण्याआधी आपला प्रोसेसर लावून दुकानातच चालू करून दाखवायला सांगा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

माझ्या अटी तीन होत्या. प्रोसेसरच्या बाजूच्या मॉस्फेटवर, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या चिपांवर, उष्णता ओढणारा धातूचा हीटसिंक हवा, उघडे नकोत. नागपूरचा मे महिना कंपनीच्या एसी लॅबमध्ये येत नाही. दुसरी अट व्हीजीए पोर्ट, कारण माझा मॉनिटर जुना आहे आणि उत्तम चालतो. तिसरी, सर्व्हिस गावात हवी. तीनही पूर्ण झाल्या. तिसरी कशी, ते पुढे सांगते. दोनच रॅम स्लॉट आहेत हे तेव्हा खटकलं नाही. चौथी अट बझरची असायला हवी होती, पण दहा वर्षं जो न मागता मिळत होता तो आता मिळणार नाही हे माझ्या डोक्यात कुठून येणार? काही बोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जिथे अडलं तो दिवा पेटून राहतो. माझ्या बोर्डावर तेही नाहीत.

सहा महिने काहीही तक्रार नव्हती. मग १७ मे. २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची मुदत. सकाळी बटण दाबलं, पंखे फिरले, कॅबिनेटचा निळा दिवा लागला आणि मॉनिटर म्हणाला, नो सिग्नल. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आवाज नाही, खूण नाही. माणूस निदान कण्हतो तरी.

कॅबिनेट गाडीवर पायांपाशी ठेवून बर्डीला नेला. दुकानातल्या पोराने रॅम काढली, खोडरबरने घासली, परत लावली. "रॅम गेली दिसते ताई. नवीन टाकून पाहू ना." टाकली. १,६५० रुपये. काही नाही. आधीच्या दोन्ही एकदम कशा जातील, असं मी विचारलं, तर म्हणाला, "होते ना, व्होल्टेजमुळे होते." मग एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. २,३०० रुपये. काही नाही. मग तोच पोरगा, तितक्याच शांतपणे, "बोर्डच गेला आहे ताई तुमचा." आणि वर, "घरी कोणी आहे का कम्प्युटरचं समजणारं?" मी म्हटलं, आहे, मीच. रॅम आणि एसएमपीएस परत घेणार नाही म्हणाला, कारण सील फोडलं. फोडलं कोणी?

वॉरंटी तीन वर्षांची. सर्व्हिस गावात आहे याचा अर्थ गावात एक काउंटर आहे. तिथे बोर्ड जमा करायचा, तो मुंबईला जातो. बिल थर्मल कागदावरचं, सहा महिन्यांत पार फिकट झालेलं. बरं की दुकानदाराने व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवलं होतं. काउंटरवरच्या मुलाने भिंग लावून सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, पाहिलं. माझ्या बोर्डाचं सॉकेट एएम४. एएम४च्या पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नुसती भोकं, त्यामुळे 'पीन वाकली' म्हणून परत पाठवण्याचा मार्ग तिथे बंद. इंटेलवाल्यांनी जपून राहा, त्यांच्या पिना बोर्डावर असतात आणि सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण नसेल तर काउंटरवरूनच परत यावं लागतं. ते झाकण टाकू नका. अजून एक, एएम४चा प्रोसेसर काढताना मशीन आधी दहा मिनिटं चालवून गरम करा आणि फॅन जरा पिळून सोडवा. थंड असताना सरळ ओढला तर मधल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर पिनांसकट वर येतो. माझं मशीन चालतच नव्हतं, म्हणून मी पेस्टला हेअर ड्रायर मारला. नवरा बघत उभा होता, एक शब्द बोलला नाही.

बाराव्या दिवशी मेल आला. 'लिक्विड डॅमेज. कस्टमर इंड्युस्ड. वॉरंटीत बसत नाही.' सोबत फोटो, त्यात पांढरट डाग, कुठला भाग ते कळू नये इतक्या जवळून काढलेला. मी तीन फोन केले, दोन मेल केले. प्रत्येक फोनवर वेगळा माणूस आणि प्रत्येकाला सुरुवातीपासून कहाणी. लिक्विड कुठलं, मी बोर्डावर चहा सांडला का, या प्रश्नाला उत्तर एकच, "मॅम, रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय." बोर्ड जसाच्या तसा परत आला. एकूण २३ दिवस. ५ पैकी १ तारा, तोही हीटसिंकला.

इथपर्यंतचं मी जूनमध्ये लिहून ठेवलं होतं, रागात. टाकलं नाही ते बरं झालं, कारण पुढे थोडी माझीच गंमत झाली.

नागपूरच्याच महाल भागात एका बोळात चिप लेव्हल रिपेअरिंग करणारे एक काका आहेत असं एका क्लायंटने सांगितलं. टेबलाएवढं दुकान. मी बोर्ड ठेवून सगळी कथा सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. "पहिले याले बोलू तं द्या." खणातून बझर काढला, समोरच्या चार पिनांवर खोचला, करंट दिला. लांब बीप. थांबून पुन्हा लांब बीप. "रॅम सापडून नाही राहिली याले." मी म्हटलं, रॅम नवीन आहे. "मंग जागा खराब आहे." भिंग माझ्या हातात दिलं. रॅमच्या दोन्ही स्लॉटच्या फटीत, आत सोनेरी पिनांवर, पांढरी बुरशी असावी तसा थर. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कूलरसमोर ठेवून राहिले होते का कम्प्युटर?"

ठेवला होता. मीच ठेवला होता. मार्चमध्ये टेबल सरकवून खिडकीतल्या डेझर्ट कूलरच्या बरोब्बर समोर आणलं, मशीन थंड राहावं म्हणून, आणि ही युक्ती मी चार जणांना सांगितलीही होती. आमच्याकडे बोअरचं पाणी, बादली दोन दिवस ठेवली तर काठाला पांढरी रेघ येते. कूलरच्या ताट्या (पाणी झिरपतं ते गवताचे पडदे) तीन वर्षं जुन्या, विरलेल्या, पंप जोरात, त्यामुळे हवेबरोबर बारीक तुषार यायचे. आमच्या सासूबाई रोज सकाळी कूलर भरताना म्हणायच्या, "टेबलावर ओल येते गं." मी पुसून घ्यायचे. टेबल पुसत होते, कॅबिनेटच्या आत कोण पुसणार? पाणी उडून जातं, क्षार राहतो.

म्हणजे कंपनीचा रिपोर्ट खरा होता. लिक्विडच होतं, महानगरपालिकेचंसुद्धा नाही, आमच्याच बोअरचं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते आहे. राग मात्र तेवढाच आहे, नुसता जागा बदलून. मुंबईत ज्याने तो पांढरा डाग पाहिला त्याने 'स्लॉट साफ करून बघा' एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर? काकांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने स्लॉट दोनदा धुतले, ब्लोअर मारला, पाव तास थांबले. पहिला स्लॉट लगेच चालला, दुसरा दुसऱ्या धुलाईनंतर. एक छोटी बीप, आणि पडदा उजळला. ४०० रुपये. त्यात बझरचे ४० धरलेले.

हिशोब असा. बझर असता तर १७ मेलाच कळलं असतं की अडचण रॅमपाशी आहे, आणि नव्या रॅमनेही तेच रडगाणं केलं असतं तर स्लॉटकडे नजर गेली असती. ४० रुपयांची वस्तू नव्हती म्हणून ३,९५० रुपये आणि २३ दिवस गेले. बोर्डावर बझरच्या पिना आहेत बरं का! पिना द्यायच्या आणि बझर नाही द्यायचा, म्हणजे पाहुण्याला पाट मांडून ताट न वाढणं.

अजून एक गोष्ट आहे, ती सांगावी की नाही असा विचार करत होते. १७ मेच्या संध्याकाळी मी ३बी भरली ती माळ्यावरून जुना एच८१ काढून, जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्यावर मांडून. त्याने बटण दाबल्याबरोबर 'टिक' केलं. मला इतकं बरं वाटलं की मी मुलाला हाक मारून ऐकवलं. तो आवाज त्याच्या बझरचा होता. तेच चार पिनांचं जोडण, तोच प्रकार. उपटून नव्या बोर्डाला लावायला दहा सेकंद लागले असते. तीन आठवडे तो बझर माझ्या हाताशी होता, रोज सकाळी टिक करत होता.

आता कॅबिनेट खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आहे, कूलरच्या माऱ्यापासून लांब. तिथे गरम जास्त होतं हे खरं. जूनच्या पहिल्या पावसाआधीच्या दुपारी टॅली, ब्राउझर आणि मुलाचा गेम एकदम चालू असताना प्रोसेसर ८१ अंशांपर्यंत गेलेला मी पाहिला. ५६००जीची मर्यादा ९५ आहे, म्हणजे चालतं. हीटसिंकवाले मॉस्फेट घेतले याचं समाधान त्याच दिवशी वाटलं. उघड्या मॉस्फेटच्या बोर्डावर मी इतकी निवांत बसले नसते.

काकांनी अजून एक विचारलं होतं, अनवाणी असताना कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण होते का. होते. मला ती सवयीची झाली होती. अर्थिंग तुटलं असेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर गळका करंट येतो, तो हा. उन्हाळ्यात काळी माती तडकून भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक होतो. इलेक्ट्रिशियनने खड्डा उकरून मीठ-कोळसा घातला, दोन बादल्या पाणी ओतलं, झिणझिण गेली. या बिघाडाशी तिचा संबंध नव्हता, पण बोर्ड कोणताही घ्या, आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही. स्टिकर मात्र दिले.

जूनपासून आज जानेवारीपर्यंत एकदाही नखरा नाही. तारे साडेतीन. अर्धा बझरसाठी कापला आणि तो मी परत देणार नाही. एक दुसऱ्या रॅम स्लॉटसाठी. दमट हवेच्या दिवसांत, गणपतीच्या सुमारास, त्याने एकदा रॅम ओळखली नव्हती, तेव्हा काढून पुन्हा बसवावी लागली. बझर ओरडला म्हणून दोन मिनिटांत काम झालं.

आणि ती मे महिन्यातली फुकट गेलेली रॅम. दोनच स्लॉट, दोन्ही भरलेले, त्यामुळे ती खोक्यात पडून होती आणि खण उघडला की माझं तोंड कडू व्हायचं. दिवाळीनंतर रॅमचे भाव असे काही चढले की माझ्याकडची जुन्या पिढीची डीडीआर४सुद्धा दुपटीच्या पुढे गेली. मागच्या आठवड्यात बर्डीच्या त्याच दुकानातून फोन आला, त्याच पोराचा.

"ताई, ती आठ जीबीची रॅम असेल ना तुमच्याकडे पडून? घेऊन घेतो आम्ही. सतराशे देऊ."

मी म्हटलं, सील फुटलंय रे तिचं.

"चालते ना ताई."

म्हटलं, मग आजचा भाव सांग.