दिवाळीत गावी जाताना कुत्र्याला कुठे ठेवायचं: केनेल, घरगुती बोर्डिंग की दवाखाना?

पुण्याबाहेर पिरंगुट, वाघोलीकडच्या केनेलमध्ये मोकळी जागा मिळते, शहरापेक्षा फटाकेही कमी ऐकू येतात. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डसारख्या दांडग्या कुत्र्याला ते मानवतं. फोटोतल्या हिरवळीवर मात्र जाऊ नका. कुत्रा दिवसातून किती तास पिंजऱ्याबाहेर असतो आणि रात्री आवारात कोण झोपतं, हे विचारा. फाटकं एकामागे एक दोन हवीत. एकच असेल तर गाडी आत घेताना घाबरलेला कुत्रा सटकतो, आणि अनोळखी भागात तो सापडणं फार अवघड.

पावसाळ्यानंतर गवतात गोचिडी असतात. गोचीड-तापाची लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, म्हणजे कुत्रा घरी परत आल्यावर. गोचिडीची गोळी निघण्याआधीच द्या. परतल्यावर कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत रोज बघा. जेवण सोडलं किंवा ताप आला तर रक्त तपासून प्लेटलेट्स बघून घ्या.

कोथरूड-बाणेरला कुणाच्या फ्लॅटमध्ये ठेवणं घरात वाढलेल्या, माणसांत झोपणाऱ्या कुत्र्याला सगळ्यात बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. एका वेळी तीन-चारच्या वर कुत्रे नकोत आणि प्रत्येकाला वेगळं जेवायला देत असावेत. भांडणं बहुतेक ताटावरूनच होतात. गॅलरीला जाळी आहे का, बेल वाजली की कुत्र्यांना आधी आतल्या खोलीत घेतात का, हे स्वतः उभं राहून पाहा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरी कोणी थांबणार नसेल, तर ती जागा सोडा.

दवाखान्यात ठेवावं ते इन्सुलिन किंवा फिट्सची औषधं चालू असलेल्या कुत्र्याला. बऱ्याच ठिकाणी रात्री डॉक्टर नसतात, तेव्हा डोस कोण देणार ते आधी ठरवा. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू तिथे नकोच. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या आजाराचा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो.

जिथे तुमच्याकडे लसीकरणाचं पुस्तक मागितलं नाही, तिथे बाकीच्यांकडेही मागितलेलं नसणार. रेबीज आणि नेहमीच्या लसींबरोबर केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) नाकातली लस तीन आठवडे आधी दिलेली उत्तम.

आधी एक रात्र ठेवून बघा. खाणं घरचंच, रोजच्या मापाच्या पुड्या करून, दोन दिवसांचं जास्तीचं द्या. अचानक खाणं बदललं की जुलाब होतात. सोबत तुमच्या डॉक्टरांचा नंबर आणि तुमचा फोन लागला नाही तर किती खर्चापर्यंत उपचार करायचे, हे लिहून सही करून द्या.