तयार ग्राउंडिंग किट: वस्तू कामाच्या, कार्ड मात्र बदला

स्वतःचाच हात परका वाटतो, आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, बोलणं-चालणं चालू असतं पण ते करणारे आपण नव्हेच असं वाटत राहतं. याला डिपर्सनलायझेशन म्हणतात. भोवतालचं जग काचेपलीकडचं, चित्रासारखं सपाट दिसू लागलं तर ते डीरिअलायझेशन. दोन्ही बरेचदा जोडीनेच येतात. अशा वेळी भानावर यायला मदत व्हावी म्हणून छोट्या पाउचमध्ये ग्राउंडिंग किट तयार मिळतात. आत साधारणपणे आंबट गोळ्या, काटेरी रबरी चेंडू, वासाचा रोल-ऑन, गार करायची जेलची पिशवी आणि इंद्रियांनी भोवतालच्या गोष्टी टिपायच्या ५-४-३-२-१ या सरावाचं कार्ड असतं. चेंडू आणि गोळ्या उत्तम, जेल आणि वास जपून वापरायचे. खरी गडबड कार्डात आहे.

या वस्तूंचा उपयोग का होतो, हे कळलं की त्या नीट वापरता येतात. भीती फार वाढली की मेंदू भावनांचा आवाज खाली करतो आणि त्याबरोबर 'हे माझं आहे' ही जाणीवही फिकी पडते, असं स्पष्टीकरण मॉरिशियो सिएरा आणि हेर्मान बेरिओस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९८ मध्ये मांडलं. त्यातच 'मला वेड लागतंय का?' ही धास्ती भर घालते. धास्तीने बधिरपणा वाढतो आणि बधिरपणाने धास्ती. किटचं काम एवढंच, की आत वळलेलं लक्ष बाहेर ओढून काढायचं.

चेंडू दोन्ही तळहातांमध्ये, नाहीतर अनवाणी तळपायाखाली हळू फिरवा. तो जरा कडक हवा, मऊ चेंडू हाताला जाणवतच नाही. पण दुखेपर्यंत दाबावासा वाटू लागला तर तो बाजूला ठेवा. मनगटावर फटकवायचं रबरबँड काही किटमध्ये येतं, ते आधी काढून टाका. वेदनेची सवय लागायला वेळ लागत नाही.

आंबट गोळी नुसती चघळू नका. आंबटपणा आधी जिभेच्या कडेला लागतो की जबड्याच्या कोपऱ्यात, तोंडाला पाणी कधी सुटतं, आंबट संपून गोड कधी सुरू होतं, याचा माग काढा.

जेलची पिशवी फ्रीझरमधून काढून थेट त्वचेवर लावू नका, गारठ्यानेही त्वचा भाजते. पातळ रुमालात गुंडाळून एका तळहातावर ३० सेकंद धरा, मग हात बदला. जास्त वेळ धरली तर हात बधिर होतो, आणि आधीच परका वाटणारा हात बधिर झाला की अजूनच परका वाटतो. शिवाय बाहेर पडल्यावर ती लवकरच कोमट होते. त्यापेक्षा नळाच्या गार पाण्याखाली मनगट धरणं सोयीचं.

रोल-ऑनचा एकच हुंगा घ्या आणि दूर ठेवा, कारण नाक थोड्याच वेळात वासाला सरावतं. मायग्रेन असेल किंवा त्या वासाशी एखादी वाईट आठवण जोडलेली असेल तर तो किटमध्ये नकोच.

आता कार्ड. पाच गोष्टी पाहा, चार स्पर्श करा, तीन ऐका, दोन वास घ्या, एक चव घ्या, इथपर्यंत ठीक. पण पुष्कळ कार्डांवर त्याआधी 'खोल, मोठे श्वास घ्या' असं असतं. घाबरलेला माणूस आधीच जास्त श्वास घेत असतो. त्यात मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि सगळं जास्तच खोटं वाटू लागतं. श्वास लहानच ठेवा: नाकाने चार मोजत आत, सहा मोजत बाहेर.

दुसरी चूक त्याहून मोठी: 'आरशात पाहून मी खरा आहे असं म्हणा.' मानसशास्त्रज्ञ जोव्हान्नी कापुटो यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मंद प्रकाशात १० मिनिटं आरशात टक लावून बसलेल्या निरोगी लोकांनाही स्वतःचा चेहरा विद्रूप किंवा अनोळखी दिसू लागला. ज्याला चेहरा आधीच परका वाटतोय त्याला आरशासमोर बसवणं म्हणजे आगीत तेल. 'आता कसं वाटतंय?' हा शेवटचा प्रश्नही खोडा. आपण खरे वाटतोय का, हे दर दोन मिनिटांनी तपासणं याच त्रासाचं खतपाणी आहे.

कार्डाच्या पाठीमागे स्वतःच्या अक्षरात लिहा: 'हे भीतीदायक आहे, धोकादायक नाही. मला असं *वाटतंय*, तसं *झालेलं* नाही.' हा फरक कळतो आहे, म्हणजे वास्तवाची जाण शाबूत आहे. मग गोष्टी बारकाईने टिपा: 'खुर्ची' नाही, 'खुर्चीच्या डाव्या हातावरची चीर'. नजरच विचित्र झाली असेल तर पाहण्याऐवजी स्पर्शापासून सुरुवात करा. तीन मिनिटांत आटपा आणि बरं वाटायची वाट न बघता हातातलं अर्धं राहिलेलं काम पुढे न्या.

किट हा उपचार नव्हे. अपुरी झोप, गांजा आणि जास्त कॉफी तशीच चालू असेल तर पाउच फारसं काही करणार नाही. त्रास टिकून असेल किंवा पुन्हा पुन्हा येऊन काम, नाती बिघडवत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंब्रिज डिपर्सनलायझेशन स्केलच्या २९ प्रश्नांची उत्तरं सोबत न्या. त्यात २९० पैकी ७० च्या पुढचे गुण दखल घेण्याजोगे मानतात, पण निदान डॉक्टरांनीच करायचं. यासाठी खास मंजूर झालेलं औषध नाही, बोलण्याच्या उपचारांत सीबीटीचा (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीचा) उपयोग होतो. चाळिशीनंतर हे पहिल्यांदाच सुरू झालं, मधला वेळ आठवेनासा झाला, फिटचे झटके आले किंवा डोक्याला मार लागला असेल तर आधी मेंदूची तपासणी. जीव द्यावासा वाटत असेल तर किट उघडत बसू नका, लगेच कुणाला तरी जवळ बोलवा आणि दवाखाना गाठा.

घ्यायचंच असेल तर रबरबँड नसलेलं आणि कोरं कार्ड देणारं किट निवडा.