रोजची गोळी, पातळ औषध की दुर्बिणीची तपासणी? जुनाट पित्ताच्या त्रासात निवड कशी करावी

मराठीत ‘पित्त’ हा एकच शब्द आपण निदान चार वेगवेगळ्या त्रासांसाठी वापरतो. छातीत जळजळ होऊन आंबट पाणी घशाशी येणे, बेंबीच्या वर पोटात कळ येणे, डोके ठणकून शेवटी उलटी होणे आणि अंगावर गांधी उठणे, या सगळ्यांनाच आपण पित्त म्हणतो. वैद्यकशास्त्रातले पित्त मात्र यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा रस असतो आणि जठरातल्या आम्लाशी त्याचा फारसा संबंध नसतो. डोके दुखून उलटी झाली की बरे वाटत असेल तर तो त्रास बहुधा अर्धशिशीचा असतो, तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर सोनोग्राफी करून पित्ताशयात खडे आहेत का ते पाहावे लागते, आणि या दोन्हींवर आम्ल कमी करणारी गोळी कितीही घेतली तरी मूळ दुखणे तसेच राहते. म्हणून खालील तुलना फक्त छातीतली जळजळ आणि वरच्या पोटातले दुखणे यांपुरतीच आहे.

मेडिकल दुकानात सहज मिळणारी गुलाबी पातळ औषधे, चघळायच्या गोळ्या आणि पाण्यात फसफसणारी पूड ही जठरात आधीच असलेले आम्ल शमवतात. आराम काही मिनिटांत पडतो, पण अनशापोटी घेतल्यास तासाभरात ओसरतो. लग्नाच्या पंगतीनंतर एखाद्या रात्री जळजळ झाली तर याहून अधिक काही लागत नाही. आठवड्यातून तीन-चारदा बाटली उघडावी लागत असेल तर मात्र हा मार्ग अपुरा आहे. मॅग्नेशियम असलेल्या औषधाने जुलाब होतात, ॲल्युमिनियम असलेल्याने मलावरोध होतो, आणि फसफसणाऱ्या पुडीतले सोडियम रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना घातक ठरू शकते. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती आणि ही औषधे यांत चार तासांचे अंतर ठेवावे, कारण ही औषधे त्या गोळीचे शोषण कमी करतात.

यापुढची पायरी आम्ल तयार होणेच कमी करणाऱ्या फॅमोटिडिन या गोळीची. तिचा परिणाम दहा-बारा तास टिकतो, त्यामुळे ज्यांना मुख्यतः रात्री त्रास होतो त्यांना ती उपयोगी पडते, पण रोज घेतल्यास एक-दोन आठवड्यांत शरीर तिला सरावते. याच गटातली रॅनिटिडिन अनेक घरांत अजूनही सापडते. एनडीएमए या कर्करोगकारक मानल्या जाणाऱ्या घटकाच्या चिंतेमुळे अमेरिकेने २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीतूनही ती वगळली गेली. फॅमोटिडिन उपलब्ध असताना तिच्यासाठी हट्ट धरण्याचे कारण मला दिसत नाही.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या सर्वांत प्रभावी आहेत, आणि माझ्या मते सर्वांत चुकीच्या पद्धतीने घेतल्या जाणाऱ्याही त्याच आहेत. जठरातले आम्ल तयार करणारे पंप जेवणाने जागे होतात आणि ही गोळी फक्त जागे झालेले पंप बंद करते. तिचे औषध रक्तात जेमतेम काही तास असते, म्हणून ती खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी पोटात जायला हवी. माझी आई कित्येक वर्षे ही गोळी सकाळच्या चहा-पोह्यांनंतर घेत असे आणि ‘मला ती लागू पडत नाही’ म्हणत असे. दोष गोळीचा नव्हता, वेळेचा होता. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे जळजळ झाली की एखादी गोळी घ्यायची, या पद्धतीने तिची परीक्षा होत नाही. छातीत जळजळ हेच मुख्य लक्षण असेल आणि धोक्याची कोणतीही खूण नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आठ आठवडे नेमाने ही गोळी घेऊन पाहणे हा पहिला योग्य पर्याय आहे.

ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, हाडे मोडण्याची जोखीम किंचित वाढल्याचेही आढळले आहे. शाकाहारी माणसात ब-१२ आधीच कमी असण्याची शक्यता असल्याने हे अधिक लक्षात ठेवावे. तरीही अन्ननलिकेला खोल जखमा असलेल्यांना किंवा हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना ती दीर्घकाळ आवश्यक असू शकते, म्हणून त्यांनी भीतीपोटी ती परस्पर बंद करू नये. आपल्याकडे अनेक चिठ्ठ्यांवर पँटोप्राझोलसोबत डोमपेरिडोन जोडलेली कॅप्सूल असते. हे दुसरे औषध हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. केवळ जळजळ असेल आणि मळमळ नसेल तर साधी गोळी पुरेल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

दुखणे मुख्यतः वरच्या पोटात असेल तर विचार बदलतो. येथे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूची तपासणी आधी करावी. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना याच शोधासाठी २००५ चे नोबेल मिळाले आणि अल्सर हा ताणाचा व तिखटाचा आजार नसून बहुधा संसर्गाचा आजार आहे हे मान्य झाले. श्वासाची किंवा शौचाची तपासणी आताचा संसर्ग दाखवते. रक्तातली अँटिबॉडी जुना संसर्गही दाखवते, म्हणून तिच्यावर निर्णय घेऊ नये. तपासणीपूर्वी पँटोप्राझोल दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात, अन्यथा जीवाणू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. जीवाणू सापडला तर साधारण चौदा दिवसांचा औषधक्रम असतो. मात्र त्याने अल्सर बरा होतो, छातीतली जळजळ नव्हे. अल्सरचे दुसरे मोठे कारण म्हणजे गुडघेदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. त्या डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

जठर आतून पाहणारी दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) प्रत्येकाला लागत नाही. पण गिळताना घास अडकणे, वजन आपोआप घटणे, डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, ॲनिमिया किंवा पन्नाशी-साठीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास असेल तर आठ आठवड्यांची वाट न पाहता ती करून घ्यावी. काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीत दाटून घाम येत असेल तर ते पित्त समजू नये. तिथे ईसीजी आधी. दुर्बिणीत काहीच सापडले नाही तर दुखणे खोटे ठरत नाही: जठर व मेंदू यांच्यातल्या संवेदनेच्या बिघाडानेही पोट दुखते आणि त्यावरचे उपचार वेगळे असतात.

या सर्वांसोबत दोन घरगुती उपाय खरोखर परिणामकारक आहेत: वजन कमी करणे आणि रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकणे. रात्री घशाशी येत असेल तर पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा किंवा ठोकळे ठेवून तो भाग १५ ते २० सेंटिमीटर उचलावा आणि डाव्या कुशीवर झोपावे. उशांची चळत रचल्यास पोट दुमडते आणि त्रास वाढतो. थंड दुधाने मिळणारा आराम क्षणिक असतो, कारण त्यातली प्रथिने व कॅल्शियम आम्लनिर्मितीला पुन्हा चालना देतात.

आठ आठवड्यांनी गोळी बंद करताना पहिले काही दिवस ते काही आठवडे जळजळ उसळून येऊ शकते, कारण दाबलेले आम्ल काही काळ अधिक तयार होते. त्यामुळे लगेच गोळीकडे परत न वळता डॉक्टरांशी बोलून दिवसाआड घेणे आणि मधल्या दिवशी गरज पडल्यास फॅमोटिडिन किंवा पातळ औषध वापरणे, हा क्रम आईला मानवला.