रग्बी स्पर्धेच्या दिवसाचं सामान: नऊ महिने वापरून काय टिकलं, काय बोंबललं

मुलींच्या संघाची मॅनेजर म्हणून माझी निवड झाली ती माझ्याकडे सात सीटची गाडी आहे म्हणून. रग्बीतलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. लेक तालमीत कुस्ती करायची, तिथल्याच दोघी-तिघींबरोबर या खेळाकडे वळली. पट काढायची, म्हणजे पाय धरून पाडायची सवय असलेल्या पोरींना टॅकल (बॉल घेऊन पळणारीला धरून खाली पाडणं) वेगळं शिकवावं लागत नाही, असं आमच्या प्रशिक्षक सरांचं म्हणणं. गेल्या सप्टेंबरपासून या जूनपर्यंत सात स्पर्धा झाल्या. चार कोल्हापुरात, दोन पुण्यात, एक सांगलीला. सातही वेळा सामान मी बांधलं आणि घरी आणून मीच धुतलं. तेव्हा लिहायचा हक्क माझाच.

आधी हिशेब. आम्ही खेळतो ते सेव्हन्स, रग्बीचा छोटा प्रकार. मैदानात सात जणी, संघात एकूण १२. सात-सात मिनिटांचे दोन हाफ, मध्ये दोन मिनिटं. दिवसात तीन सामने मिळाले तर खेळ होतो ४२ मिनिटांचा, आणि मैदानावर मुक्काम सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत. पहिल्या स्पर्धेला मी सामान त्या ४२ मिनिटांसाठी बांधलं होतं. बॉल, जर्सी, बूट, खुणेसाठी मांडायचे कोन. उरलेल्या नऊ-सव्वानऊ तासांसाठी गाडीत काही म्हणजे काही नव्हतं. पोरी कंपाउंडच्या भिंतीच्या वीतभर सावलीत एकमेकींच्या अंगावर रेलून बसल्या, भूक लागली तशी गेटवरचे वडे खाल्ले, आणि तिसऱ्या सामन्यात कुणाचा पाय उचलेना. हरलो ते समोरच्या संघामुळे नाही, त्या भिंतीपाशी बसून हरलो. तेव्हापासून सामान बांधते ते मधल्या वेळेचं. सामन्याचं सामान एका पिशवीत मावतं.

तंबू. सगळ्यात मोठा खर्च हाच. १० बाय १० फुटांचा, ओढून उघडायचा, ऑनलाइन मागवला. कापड चांगलं निघालं, अजून विटलं नाही. पण सोबत आलेल्या खुंट्या म्हणजे दाभणाएवढ्या तारा. आपल्याकडची मैदानं दिवाळीनंतर जी वाळतात, ती पार फरशी होतात. दगडानं दोन ठोके घातले की खुंटी वाकून गळ झालेली. दुपारी वारा सुटला तसा आमचा तंबू चार पायांवर चालत टचलाइनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेपर्यंत गेला. रेफ्रींनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. मागे दोन पोरी आणि मी पळतोय, लोक टाळ्या वाजवतायत. त्या सामन्यातली आमची सगळ्यात वेगवान धाव तीच.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातल्या उद्यमनगरात गेले, तिथं वेल्डिंगची कामं होतात. १२ एमएमच्या सळईचे दीड-दीड फुटाचे आठ तुकडे करून एका टोकाला कडी वाकवून मागितली. वेल्डिंगवाले दादा बघतच राहिले, म्हणाले, "वहिनी, म्हैस बांधायची काय?" या खुंट्या आजवर वाकल्या नाहीत, मात्र त्यांना घण लागतो, तोही सामानात घ्यावा लागतो. शिवाय चार पायांना वजन म्हणून जुन्या जीन्सचे पाय कापले, वाळू भरली, दोन्ही तोंडं सुतळीनं आवळली. दिसायला भयानक. पुण्यात एका संघाच्या मॅनेजरनं त्याचा फोटो काढून नेला.

पाचव्या स्पर्धेत तंबूच्या एका पायाचा प्लास्टिकचा सांधा तडकला. कंपनीला फोन केला तर म्हणे सुटा भाग मिळत नाही, नवा तंबू घ्या. उद्यमनगरात पत्र्याची पट्टी आणि दोन बोल्टांत काम झालं. तंबू पुन्हा घेईन का? घेईन, पण लोखंडी सांध्याचा बघून. आणि एक, विजा चमकायला लागल्या की त्याच्याखाली थांबायचं नाही. मे महिन्यात वळवानं गाठलं तेव्हा लोखंडी पायांचा तो सांगाडा तसाच सोडून सगळ्या जणी गाड्यांत बसलो. कापड भिजलं, वाळलं, काही झालं नाही.

सावली मात्र हलते हे कुणी सांगत नाही. सकाळी तंबूच्या पश्चिमेला असलेली सावली दुपारी तीनला पूर्वेला शेजारच्या संघाच्या चटईवर जाते. म्हणून कडेनं लावायला सुती साड्या. माझ्या सासूबाईंच्या जुन्या चार साड्या आणि डझनभर मोठ्या सेफ्टी पिना. याच साड्या चारी बाजूंनी लावल्या की कपडे बदलायची खोली तयार. मुलींच्या संघाला हे किती लागतं ते बहुतेक मैदानांवरची स्वच्छतागृहं बघितल्याशिवाय कळणार नाही. सॅनिटरी पॅड, कागदी पिशव्या, एक जादा काळी शॉर्ट आणि हात धुवायचा साबण ही पिशवी वेगळी, साड्यांबरोबरच. कुणी मागायला येत नाही, कुठे आहे एवढं माहीत असलं की पुरे.

पाणी. १५ माणसं, माणशी तीन लिटर, म्हणजे ४५. सुरुवातीला नळाचा मोठा थर्मास-जग घेतला, दिसायला झकास. पुण्याला निघालो, किणी टोल नाक्यावर मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवून सांगितलं, डिकीतून पाणी गळतंय. नळाचा वायसर पहिल्याच प्रवासात गेला होता आणि दहा लिटर लिंबूसरबत जर्सींच्या पिशवीनं पिऊन टाकलं होतं. पहिला सामना चिकट जर्सी घालून खेळलो. आता २० लिटरचे दोन जार आणि वरून दाबायचा हातपंप, शिवाय प्रत्येकीची घरून भरलेली बाटली. बाटलीवर नेलपेंटनं जर्सीचा नंबर. मार्करचा घामानं पुसला जातो, नेलपेंट नऊ महिने आहे तसं आहे. ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायची असते. माझ्याकडून पहिल्यांदा ग्लासात अर्धी-अर्धी वाटली गेली होती, मग पुडीच्या पाठीवर वाचलं. दिवसभर ओआरएस पाजायची गरजही नाही. थंडीत साधं पाणी, मीठ-साखरेचं लिंबूपाणी. मार्चनंतर ओआरएस.

खाण्यावर मी सगळ्यात जास्त भांडले आहे. कोल्हापुरात "केळं खाऊन खेळा" म्हणणं म्हणजे पाहुण्याला उपाशी घालवण्यासारखं. दुसऱ्या स्पर्धेत एका मुलीचे पप्पा सकाळी साडेअकराला मटणाचा डबा घेऊन हजर. "काकी, केळ्यानं कुठनं ताकद येणार?" सामना १२.२० चा. पोरींनी रस्सा ओरपला. पुढचं वर्णन करत नाही. एक जण टचलाइनवर बसून होती आणि दुसरी पळताना पोटाला हात लावून पळत होती. आता तह झाला आहे. पोटभर जेवण सामन्याच्या तीनेक तास आधी, मधल्या वेळेत उकडलेले बटाटे मीठ लावून, केळी, गूळ-शेंगदाणे, चिक्की, मऊ दहीभात. मटण शेवटचा सामना झाल्यावर, तेही त्याच पप्पांकडून. हल्ली तीन किलो बटाटे उकडून तेच आणतात, आणि दुसऱ्या पालकांना ऐकवतात, "सामन्याआधी जड खायचं नसतं वो." बटाटे सालीसकट आणायचे, सोललेले दोन तासांत चिकट होतात.

आता छोट्या वस्तू, ज्यांनी मोठ्या वस्तूंपेक्षा जास्त वेळा अब्रू राखली.

औषधांच्या गोळ्यांची खणाखणांची डबी. मेडिकलमध्ये मिळते. रग्बीत अंगावर दागिना चालत नाही, कानातलं, अंगठी, बांगडी, चमकी सगळं काढावं लागतं. पहिल्या वेळी १२ जणींच्या वस्तू माझ्या रुमालाच्या गाठीत होत्या आणि कुणाचं काय यावरून घरी जाईपर्यंत पंचायत. आता डबीच्या प्रत्येक खणाला नंबर. एकीनं स्पर्धेच्या आठवडाभर आधी नाक टोचून घेतलं, चमकी निघेना. टेप लावून चालेल का विचारलं, रेफ्री चालत नाही म्हणाले. बसली बाहेर. डबीबरोबर नेलकटर. रेफ्री नखं आणि बुटांचे स्टड (तळाचे खुंट) हात फिरवून बघतात. मुरमाड मैदानावर चालून धातूच्या स्टडला कंगोरे येतात, तेव्हा एक कानस ठेवते.

पंपाची सुई. बॉल पाच नंबरचा, हवा ९.५ ते १० पीएसआय. दोन बॉल आणि पंप होता, सुई नव्हती. शेजारच्या सायकलच्या दुकानातला पंप सुईशिवाय काय कामाचा? आता तीन सुया, पंपालाच टेपनं चिकटवलेल्या.

माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांना बसवायचे. काम चोख करतात. पण मार्चमध्ये मी ते डॅशबोर्डवर ठेवून पोरींना बोलवायला गेले. परत येईपर्यंत चार माउथगार्डचे पापड झालेले. भोकं पाडलेल्या डब्यात, सावलीत ठेवायचे. डॅशबोर्डवर नाही.

प्रथमोपचाराची पेटी तयार मिळते ती आमच्या कामाची नव्हती. तिच्यात १०० छोट्या पट्ट्या आणि गॉज दोन. आपल्या मैदानांवर जखम होते ती खरचटल्याची, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, आणि तिच्यात माती. म्हणून सलाइनच्या बाटल्या, भरपूर गॉज, चिकटपट्टीचे रुंद रोल, क्रेप बँडेज, हातमोजे. रक्त येत असेल तर खेळाडूला बाहेर यावंच लागतं, आणि रक्ताची जर्सी घालून परत जाता येत नाही. त्यामुळे दोन जादा जर्सी. कुठल्याही मापाच्या चालतील, आमच्या दोन्ही एक्सएल आहेत, आत गेलेली पोर पोत्यात घातल्यासारखी दिसते. थंड स्प्रे घेतला होता तो संपल्यावर पुन्हा घेतला नाही. बर्फ बरा. बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा, पोत्यात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत ठेवला की दुपारी चारला अजून शिल्लक असतो. कापडात गुंडाळूनच लावायचा, पंधरा-वीस मिनिटं, उघड्या कातडीवर नाही.

पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर डोक्याला मार लागलेल्या पोरीला विचारायचे पाच प्रश्न: आज कुठल्या मैदानावर आहोत, आत्ता कुठला हाफ चाललाय, शेवटचा ट्राय (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवणं) कुणी केला, मागचा सामना कुणाशी होता, जिंकलो का. सांगलीला आमच्या एका पोरीच्या डोक्याला टॅकलमध्ये समोरचीचा गुडघा लागला. उठली, वेणी नीट केली, म्हणाली, "काकी, मी बरा हाय, मी खेळतो की." (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्या पोरी असंच बोलतात.) शेवटचा ट्राय कुणी केला विचारलं, तर सकाळच्या सामन्यातल्या पोरीचं नाव सांगितलं. सरांनी तिथंच बाहेर घेतलं. मेंदूला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही, असा नियम आहे. डॉक्टरांनी तपासलं, आईला फोन करून बोलावलं, रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं. पोर माझ्यावर चार दिवस रुसली होती. त्या कागदाखाली प्रत्येकीच्या घरचे दोन-दोन फोन नंबर, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी. हे मोबाइलमध्ये नको, कागदावरच हवं. त्या दिवशी माझा मोबाइल पावणेबारालाच बंद पडला होता.

राहिली बॅग. ९० लिटरची स्पोर्ट्स बॅग तिसऱ्या स्पर्धेत चेनपासून उसवली. लक्ष्मीपुरीत नवी चेन बसवून घेतली, ती टिकली, पण तोवर मला कळलं होतं की एवढ्या मोठ्या बॅगेत हवी ती वस्तू कायम तळाशी असते. आता भाजीवाल्यांचे दोन प्लास्टिकचे क्रेट. एकात पोचल्या-पोचल्या लागणारं: खुंट्या, घण, सतरंज्या, साड्या. दुसऱ्यात सामन्याआधीच्या अर्ध्या तासाचं. रिकामे झाले की उलटे करून बसायला. औषधाची पेटी यातल्या कशातच नाही, ती माझ्या पायापाशी. डिसेंबरात सकाळी सातला पोरी कुडकुडत उतरतात आणि अकराला शर्ट ओले होतात, तेव्हा स्वेटर काढून टाकायला एक गोणपाट वेगळं. परतताना मातीचे बूट त्यातच.

गोळ्यांच्या डबीत पाच नंबरच्या खणात एक चमकी जानेवारीपासून पडून आहे. पाच नंबरवाली म्हणते माझी नाही. बाकी अकरा जणींना विचारून झालंय.