रोमा लोकांचा माग : जनुकांतून काढावा की भाषेतून?

युरोपात ‘जिप्सी’ म्हणून ओळखले गेलेले रोमा मूळचे भारतातले, यावर आता वाद उरलेला नाही. पण अभ्यासाला सुरुवात कुठून करायची? मी आधी जनुकांची वाट धरली होती.

ती वाट भक्कम आहे. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरचा एच-एम८२ हा भारतीय मुळाचा वंशगट युरोपभरच्या रोमांमध्ये आढळतो. स्नायूंचा एक जन्मजात आजार ज्या उत्परिवर्तनामुळे होतो, तेही रोमा आणि भारत-पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत एकच निघाले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने मूळ गट साधारण १५०० वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाल्याचे आणि ९०० वर्षांपूर्वी आग्नेय युरोपातल्या बाल्कनमधून पांगल्याचे मांडले. वाटेत कोण किती मिसळले, हे भाषेला सांगता येत नाही. तेवढा मान जनुकांचाच.

मला खटकत राहिले ते नमुने. पुढे पुढे मी प्रत्येक लेखात आधी नमुन्यांचा तक्ताच उघडायला लागलो. भारतातल्या ज्या समूहांचे रक्त हाताशी असते, त्यांच्यापैकीच कुणाकडे तरी बाण वळतो. जे तक्त्यात नाहीत, ते नकाशातही नाहीत. युरोपच्या बाजूला तर रोमा म्हणून बऱ्याचदा एकाकी वस्त्यांतली माणसे निवडलेली. मग ‘हे लोक इतरांपासून तुटलेले’ असा निष्कर्ष निघणारच, तो निवडीतच दडलेला असतो. २०२१ मध्ये काही संशोधकांनी नेमके यावर बोट ठेवले, नमुने घेताना संमती नीट घेतली होती का, हेही विचारले. त्यानंतर ते तक्ते मला शांतपणे वाचता आले नाहीत.

भाषेत पुरावा उघड्यावर असतो. रोमांची भाषा रोमानी, तिच्यात नाख, कान, दांद, पानी, मानुष. सूर्याला ‘खाम’ म्हणतात, तो संस्कृत ‘घर्म’वरून; आपला घामही तिथलाच. घोड्याचा ‘ग्रास्त’ आर्मेनियन, रस्त्याचा ‘द्रोम’ ग्रीक, म्हणजे मुक्कामही शब्दांतच नोंदलेले. भाषाशास्त्रज्ञ टर्नर यांनी १९२६ मध्ये दाखवले की रोमानीचे जुने नाते मध्य भारताच्या बोलींशी आहे, वायव्येतला मुक्काम नंतरचा. मराठीने जपलेले नपुंसकलिंग रोमानीत नाही, हिंदीसारखी दोनच लिंगे. उत्तरेकडच्या भाषांतून ते लिंग गळाल्यावरच रोमा निघाले असावेत, असे धरून काही अभ्यासक प्रस्थान इसवी सन १००० च्या आसपास मानतात. मग १५०० वर्षांचे काय? मला वाटते, जनुके गट वेगळा पडल्याचा काळ सांगत असावीत. रोटीबेटीने बांधलेला गट देश न सोडताही वेगळा पडू शकतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

भाषा रक्ताविनाही एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हा आक्षेप मला मान्य आहे. तुमचा विषय आनुवंशिक आजार असेल, तर जनुकांनाच पर्याय नाही. नाहीतर आधी एकदा आकडे मोजून पाहा : येख, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव, मग ग्रीकांकडून घेतलेले एफ्ता, ओख्तो, एन्या, आणि दहाला पुन्हा आपल्याकडचा ‘देश’, म्हणजे संस्कृत ‘दश’.