प्लग-इन हायब्रिड घेताय? आधी गाडी रात्री कुठे उभी राहते ते बघा

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर प्लगला लावून चार्ज होणारी बॅटरीही असलेली गाडी. ती बघायला गेलेला माणूस मायलेज विचारतो, डिकी उघडून बघतो, बॅटरीची वॉरंटी विचारतो. चार्जिंग कुठे करणार हा प्रश्न निघाला, की 'करू की कुठेतरी' म्हणून पुढे सरकतो. माझ्या मते ही गाडी परवडेल की अंगावर येईल हे बहुतांशी याच प्रश्नावर ठरतं. म्हणून घरचं चार्जिंग आणि बाहेरचं चार्जिंग शेजारी शेजारी ठेवून बघू.

पूर्ण इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्या मित्राचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. त्याची बॅटरी ५०-६० युनिटची (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) किंवा त्याहून मोठी, म्हणजे रांजण. आठवड्यातून एक-दोनदा भरला की झालं, आणि तेवढ्यासाठी चार पावलं लांब जायला हरकत नसते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी साधारण ८ ते २० युनिटची, म्हणजे तांब्या. तो रोज रिकामा होतो आणि रोज भरावा लागतो. तांब्याभर पाण्यासाठी रोज लांबच्या विहिरीवर कोणी जात नाही, दोन-चार आठवड्यांत कंटाळा येतोच. मग गाडी पेट्रोलवरच पळत राहते आणि बॅटरीचं वजन उगाच वाहत राहते. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये, २०२१ साली नोंदणी झालेल्या गाड्यांतली प्रत्यक्ष इंधनवापराची माहिती तपासली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. गाड्या गृहीत धरल्या तितक्या चार्ज होत नाहीत, विजेवर कमी धावतात, हे त्यामागचं मुख्य कारण.

वेग ठरतो गाडीच्या पोटात

सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. भिंतीवरून येते ती एसी वीज (दिशा बदलत वाहणारी), बॅटरीला लागते डीसी (एकाच दिशेने वाहणारी). हे रूपांतर करणारा खरा चार्जर गाडीतच बसवलेला असतो, त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवरचा डबा (वॉलबॉक्स) किंवा खांबावरचा डबा हा खरं तर एक शहाणा स्विच आहे: किती अँपिअर मिळतील हे तो गाडीला सांगतो आणि सगळं सुरक्षित असेल तरच वीज सोडतो. तेव्हा खांबावर '२२ किलोवॉट' लिहिलेलं असलं आणि गाडीतला चार्जर ३.७ किलोवॉटचा असला, तर मिळणार ३.७ च. पुष्कळ प्लग-इन हायब्रिडमध्ये ३.३ ते ३.७ किलोवॉटचा चार्जर असतो, काहींत ७ च्या आसपास, काहींत ११ चा.

रिकामी बॅटरी भरायला भिंतीतून १२ युनिट लागतात असं धरू. १० ते १५ टक्के वीज रूपांतरात आणि उष्णतेत जाते, ती यात आली. अशा गाडीला अंदाजे किती वेळ लागेल ते असं:

| कुठे | गाडीला मिळतात | वेळ |
|---|---|---|
| घरचा सॉकेट, २३० व्होल्ट, १० अँपिअर | २.३ किलोवॉट | सव्वापाच तास |
| घरचा सॉकेट (अमेरिकेसारख्या देशांत), १२० व्होल्ट, १२ अँपिअर | १.४ किलोवॉट | साडेआठ तास |
| वॉलबॉक्स, गाडीतला चार्जर ३.७ चा | ३.७ किलोवॉट | सव्वातीन तास |
| वॉलबॉक्स, गाडीतला चार्जर ७.४ चा | ७.४ किलोवॉट | पावणेदोन तास |
| बाहेरचा २२ किलोवॉटचा खांब, गाडीतला चार्जर ३.७ चा | ३.७ किलोवॉट | सव्वातीन तास |

शेवटची ओळ पुन्हा वाचा. मॉलमध्ये तासभर गाडी लावली तर जेमतेम १८-२० किलोमीटरची वीज मिळते.

डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे गाडीतला चार्जर वगळून बाहेरूनच थेट बॅटरीला डीसी देणं, पुष्कळ प्लग-इन हायब्रिडमध्ये नसतंच. अपवाद आहेत. मित्सुबिशीच्या आउटलँडरने २०१३ पासूनच चाडेमो (डीसी चार्जिंगचा जपानी प्रकार) पोर्ट दिला होता, आणि मर्सिडीजच्या सी ३०० ई सारख्या मोठ्या बॅटरीच्या गाड्यांत सुमारे ५५ किलोवॉटपर्यंतचं डीसी मिळतं. ओळखायचं कसं? टाइप २ पोर्टच्या (एसी चार्जिंगच्या गोल पोर्टच्या) खाली दोन जाड पिनांची जागा असेल तर तो एसी-डीसी दोन्ही घेणारा सीसीएस पोर्ट, म्हणजे डीसी चालतं. नुसता वरचा गोल भाग असेल आणि दुसरं झाकण कुठेच नसेल, तर फास्ट चार्जरच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही.

घरी: साधा सॉकेट पुरतो, पण कुठलाही नाही

पाच-सहा तासांत बॅटरी भरत असेल आणि गाडी रात्रभर उभी असेल, तर वॉलबॉक्सचा खर्च कशासाठी? विक्रेता गाडीबरोबर तोही गळ्यात घालायला बघेल, पण बहुतेकांना आधी त्याची गरज नसते. गाडीबरोबर येणारी केबल, जिच्या मधोमध कंट्रोलचा डबा असतो, तीच पुरते.

अट एकच, आणि ती टाळण्यासारखी नाही. सॉकेट धडधाकट हवा. इस्त्री किंवा मिक्सर दहा-पंधरा मिनिटं चालतो, गाडी मात्र तासन्‌तास एकसारखा करंट ओढते. अशा वेळी वायर सहसा टिकते, जळतो तो पिन आणि सॉकेट यांचा सैल सांधा. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढून घ्या, तिला तिची एमसीबी (जास्त करंट ओढला तर लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअर करंट गळला की तुटणारी आरसीसीबी लावा, आणि अर्थिंग तपासून घ्या. 'गाडी चार्जच होत नाही' अशा तक्रारींत गाडी निर्दोष आणि अर्थिंग गायब असं पुष्कळदा निघतं, कारण बहुतेक कंट्रोल डबे अर्थिंग नसेल तर वीज सोडतच नाहीत. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला बाहेरून हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर बंद करा, आणि दुरुस्ती होईपर्यंत लावू नका. गाडीच्या किंवा केबलच्या सेटिंगमध्ये करंट ८ किंवा ६ अँपिअरवर आणता येत असेल तर जुन्या वायरिंगवर तो आणलेला बरा. फार कमी करंटवर वाया जाणाऱ्या विजेचं प्रमाण थोडं वाढतं, कारण चार्जिंग चालू असताना गाडीतली यंत्रणा तेवढा जास्त वेळ जागी राहते. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र नकोच. गुंडाळलेल्या वायरची उष्णता आतल्या आत कोंडते.

मग वॉलबॉक्स कोणी घ्यावा? गाडीतला चार्जर ७ किलोवॉटचा आहे आणि दिवसात दोन फेऱ्या होतात, म्हणजे दुपारी घरी येऊन पुन्हा निघायचं असतं, त्यांनी. रात्रीची स्वस्त वीज थोडेच तास मिळते, त्यांनी. छतावर सोलर आहे आणि उरलेली वीज गाडीत ओतायची आहे, त्यांनीही. या गाड्यांचं चार्जिंग ६ अँपिअरपासून सुरू होतं, म्हणजे २३० व्होल्टवर १.४ किलोवॉट. तेवढी वीज उरली तरी काम भागतं. पुढची गाडी पूर्ण इलेक्ट्रिक घ्यायची नक्की असेल तर आत्ताच वॉलबॉक्स बसवलेला सोयीचा. बाकीच्यांनी घाई करू नये.

घरच्या चार्जिंगचा आणखी एक फायदा जाहिरातीत फारसा येत नाही. निघायच्या आधी, गाडी प्लगला असतानाच, केबिन थंड किंवा गरम करून घेता येते. ती वीज भिंतीतून जाते, बॅटरीतली शाबूत राहते. छोट्या बॅटरीत हा फरक चांगलाच जाणवतो.

बाहेर: लिटरच्या भावाला साडेतीनने भागा

इथे पूर्ण इलेक्ट्रिक आणि प्लग-इन यांच्या वाटा वेगळ्या होतात. इलेक्ट्रिकवाल्याला बाहेर जो दर असेल तो द्यावाच लागतो. तुमच्याकडे पेट्रोलची टाकी आहे, म्हणजे तुलना करायची मुभा आहे. ती वापरा.

हिशेब सोपा आहे. बॅटरी संपल्यावर गाडी हायब्रिड म्हणून एका लिटरमध्ये समजा १८ किलोमीटर जाते. विजेवर, भिंतीतून घेतलेल्या एका युनिटमध्ये ५ किलोमीटर. १८ भागिले ५, म्हणजे ३.६. एक लिटर पेट्रोलचं काम साधारण साडेतीन युनिट वीज करते. तेव्हा पेट्रोलच्या एका लिटरच्या भावाला साडेतीनने भागा. बाहेरच्या युनिटचा दर त्या आकड्याहून जास्त असेल तर पेट्रोलच स्वस्त. घरचा दर बहुधा या रेषेच्या बराच खाली असतो, फास्ट चार्जरचा काही ठिकाणी वर. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, ते घालून बघा. कडाक्याच्या थंडीत युनिटमागचे किलोमीटर घटतात, काही गाड्यांत तर हीटरसाठी इंजिनच सुरू होतं. हायवेवरही वाऱ्याच्या विरोधामुळे बॅटरी भराभर उतरते. बाहेर घेतलेली वीज वापरायचीच, तर ती शहरातल्या थांबत-थांबत चालवण्यासाठी ठेवा.

युनिटच्या दराबरोबर बारीक अक्षरंही वाचा. दर वेळी ठरावीक रक्कम आकारली जात असेल, तर १० युनिटवर ती ५० युनिटपेक्षा फार जड जाते. मिनिटावर आकारणी असेल तर ३.७ किलोवॉटने ओढणारी गाडी पक्की तोट्यात, कारण मिनिटं तीच आणि वीज थोडी. चार्ज पूर्ण झाल्यावर जागा अडवल्याचा दंड अनेक ठिकाणी लागतो. काही खांबांना स्वतःची केबल नसते, ती डिकीत बाळगावी लागते.

आणि एक रीतभातीची गोष्ट. तुमच्या मागे दोन टक्के बॅटरी उरलेली पूर्ण इलेक्ट्रिक गाडी उभी असेल तर तिला जाऊ द्या. तुमच्याकडे इंजिन आहे.

बाहेरच्या चार्जिंगचा एक प्रकार मला मनापासून पटतो: गाडी एरवीही जिथे आठ तास उभी असते, तिथलं. ऑफिसच्या पार्किंगमधला मंद एसी पॉइंट प्लग-इन हायब्रिडसाठी घरच्या सॉकेटच्या तोडीचा आहे. त्याच्यासाठी वाट वाकडी करावी लागत नाही, आणि मंद गतीची अडचणही होत नाही.

तर कोणी घ्यावी

घरी स्वतःची पार्किंगची जागा आहे, तिथे स्वतंत्र लाइन येऊ शकते आणि रोजची धाव ४०-५० किलोमीटरच्या आत आहे, तर घ्या. आठवडाभर बहुधा पेट्रोल लागणारच नाही. इतकं, की टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहू नये म्हणून काही गाड्या अधूनमधून स्वतःच इंजिन चालवतात. इमारतीचं पार्किंग सामायिक असेल तर गाडी बुक करण्याआधी लेखी परवानगी आणि मीटर कोणाचा हे ठरवा. तोंडी 'होऊन जाईल' यावर पैसे भरू नका.

घरी नाही पण ऑफिसात खात्रीचा पॉइंट आहे, तरी घ्यायला हरकत नाही, फक्त नोकरी बदलली तर गणितही बदलेल. दोन्ही नसेल आणि भिस्त रस्त्यावरच्या खांबांवर असेल, तर साधी, प्लग नसलेली हायब्रिड घ्या. ती हलकी असते, बहुधा स्वस्तही असते, आणि प्लगसाठी कुठे थांबावं लागत नाही.

तरीही मन प्लग-इनकडेच ओढत असेल, तर एक आठवडा रोज, ज्या वेळी तुम्ही खरोखर चार्जिंगला जाल त्याच वेळी, जवळच्या खांबापाशी जाऊन या. किती दिवस तो चालू होता आणि रिकामा होता, एवढंच लिहून ठेवा. सातपैकी पाचपेक्षा कमी दिवस मिळाला, तर बुकिंगचे पैसे अजून खिशातच ठेवा.